एकाच क्लॉकवर दोन चिप: ३३ ओहमने एक सुधारते, दुसरी का बिघडते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला काही चुकीचं समजलं असेल तर इथेच लक्षात येईल. बोर्ड चार लेयरचा आहे. मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनमधून २० मेगाहर्ट्झचा एसपीआय क्लॉक (चिपमधल्या डेटाच्या देवाणघेवाणीला ताल देणारा सिग्नल) निघतो, ५ सेमीवर एडीसीच्या (ॲनालॉग व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या चिपच्या) पिनला भेटून पुढे जातो आणि २० सेमीवर फ्लॅश मेमरीपाशी संपतो. ट्रेस (बोर्डावरची तांब्याची पट्टी) ०.३५ मिमी रुंद, त्याच्या खाली ०.२ मिमीवर सलग ग्राउंड. फ्लॅशमधून मधूनच चुकीचे बाइट येत होते आणि स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) ३.३ व्होल्टचा सिग्नल ४.२ व्होल्टपर्यंत उसळताना दिसत होता. तुम्ही फ्लॅशच्या टोकाला ५० ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावला. उसळी गेली, पण सिग्नल २.३ व्होल्टच्या वर जाईना. मग इतरांच्या सांगण्यावरून तो काढून ड्रायव्हरपाशी (क्लॉक पाठवणाऱ्या पिनपाशी) ३३ ओहम सिरीजमध्ये घातला. फ्लॅश एकदम ठीक झाली, पण इतके दिवस बरा चालणारा एडीसी एक बिट सरकलेले आकडे देऊ लागला. आणि मल्टिमीटर त्या ट्रेसचा रोध ०.३ ओहम दाखवतो, तर हे ५० ओहम नेमके कुठले, सगळेच ट्रेस ५० ओहमचे करावेत का, असं तुम्ही विचारलं आहे.

तुम्ही केलेला एकही प्रयोग वाया गेलेला नाही. उलट त्यांच्या आकड्यांतच सगळं उत्तर आहे. मात्र खरा प्रश्न ‘किती ओहमचा रेझिस्टर’ हा नाही. क्लॉकची एज (शून्यावरून ३.३ व्होल्टवर जाणारा चढ किंवा परतीचा उतार) किती वेगाने चढते आणि त्या वाटेवर चिप कुठे बसली आहे, हा आहे.

आधी मल्टिमीटरचं. तुमचं मीटर बरोबर सांगतंय. ०.३५ मिमी रुंद आणि ३५ मायक्रॉन जाड तांब्याच्या २० सेमी पट्टीचा रोध तेवढाच येतो. पण मीटर डीसी मोजतं, म्हणजे सगळं स्थिरस्थावर झाल्यानंतरची स्थिती. एज निघते त्या क्षणी ड्रायव्हरला पलीकडच्या टोकाला काय आहे हे माहीत नसतं. त्याला दिसतो तो फक्त ट्रेसचा पहिला तुकडा: त्याचं थोडं इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) आणि ग्राउंडशी असलेलं थोडं कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याची क्षमता). तो तुकडा भरला की पुढचा, मग त्याच्या पुढचा. लहर पुढे सरकत असताना प्रत्येक तुकडा भरायला जो करंट लागतो, त्याचं व्होल्टेजशी असलेलं गुणोत्तर म्हणजे हे ५० ओहम. दर मिलिमीटर इंडक्टन्स भागिले दर मिलिमीटर कपॅसिटन्स, त्याचं वर्गमूळ. लांबी त्यात येतच नाही, ५ सेमीच्या ट्रेसलाही तेच आणि २० सेमीच्याही. यात उष्णता होऊन काही जळत नाही, म्हणून मीटरला ते कधीच दिसणार नाही.

आता तुमचा ५० ओहमवाला प्रयोग बघा. ३.३ व्होल्टमधले २.३ व्होल्ट बाहेर पोचले, म्हणजे १ व्होल्ट मायक्रोकंट्रोलरच्या पिनच्या आतच पडला. करंट होता २.३ भागिले ५०, म्हणजे ४६ मिलिअँपिअर. १ व्होल्ट भागिले ४६ मिलिअँपिअर केलं की सुमारे २२ ओहम येतात. हा तुमच्या ड्रायव्हरचा आउटपुट इंपीडन्स, म्हणजे पिनच्या आतला रोध. डेटाशीटमध्ये हा आकडा सरळ लिहिलेला क्वचित सापडतो. तुम्ही तो नकळत मोजलात. (फक्त पुन्हा तसं फार वेळ चालवू नका. ४६ मिलिअँपिअर बहुतेक मायक्रोकंट्रोलर पिनच्या मर्यादेबाहेर आहेत.)

हे २२ ओहम हाती आले की पुढचं गणित कागदावर मांडता येतं, आणि ते एकदा स्वतःच्या हाताने मांडावं असा माझा आग्रह असतो. ड्रायव्हर ३.३ व्होल्टला जातो. आतले २२ आणि ट्रेसचे ५० मिळून विभागणी होते आणि ट्रेसवर निघते २.२९ व्होल्टची लहर. १.३ नॅनोसेकंदांनी ती फ्लॅशपाशी पोचते. एफआर-४ वर (बोर्ड ज्याचा बनतो त्या नेहमीच्या फायबरग्लासवर) सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण १५-१६ सेमी जातो, त्यावरून हा वेळ काढला. फ्लॅशची इनपुट पिन म्हणजे काही पिकोफॅरड, जवळजवळ उघडं टोक. करंटला पुढे जागा नाही, म्हणून लहर तशीच मागे फिरते आणि येणारी अधिक जाणारी मिळून तिथे ४.५८ व्होल्ट होतात. तुम्हाला ४.२ दिसले कारण चिपच्या आतला संरक्षक डायोड थोडं कापतो आणि स्कोपही थोडं गिळतो.

परतलेली लहर ड्रायव्हरपाशी येते तेव्हा तिला ५० ऐवजी २२ ओहम भेटतात. परावर्तनाचं प्रमाण म्हणजे दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज: उणे २८ भागिले ७२, म्हणजे उणे ०.३९. म्हणून ०.८९ व्होल्टची उलटी लहर पुन्हा फ्लॅशकडे निघते, तिथे दुप्पट होते आणि पातळी २.८० वर येते. पुढच्या फेरीत ३.४९, मग ३.२२. असं करत ती ३.३ वर स्थिरावते. क्लॉक खाली येतानाही हेच उलट्या दिशेने: उणे १.२८, मग अधिक ०.५०. हे अधिक ०.५० तुमच्या फ्लॅशच्या मुळावर आलं होतं, असा माझा अंदाज आहे. ३.३ व्होल्टच्या सीमॉस इनपुटला ‘शून्य’ मानायची हमी बहुधा पुरवठ्याच्या ३० टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे ०.९९ व्होल्ट. त्यातला अर्धा वाव रिंगिंगने, म्हणजे या वरखाली हेलकाव्यांनी, खाल्ला. उरलेल्या अर्ध्यात शेजारच्या ट्रेसचा क्रॉसटॉक (तिथून झिरपणारा सिग्नल) आणि ग्राउंडचा नॉइज मावावा लागतो. कधी मावतो, कधी नाही. म्हणूनच ‘मधूनच’ चुकीचे बाइट.

सिरीज रेझिस्टर ही साखळी दुसऱ्या फेरीतच तोडतो. २२ अधिक ३३ म्हणजे ५५ ओहम. लहर निघते १.५७ व्होल्टची, फ्लॅशपाशी दुप्पट होऊन ३.१४ होते, मागे येते आणि ५५ विरुद्ध ५० या जवळपास जुळलेल्या जोडीत विरून जाते. ५५ आणि ५० मधला फरक १० टक्क्यांचा, पण परावर्तन जेमतेम ५ टक्के. म्हणून २७ लावू की ३३ यावर संध्याकाळ घालवू नका. रेझिस्टर मात्र ड्रायव्हरच्या पिनला चिकटून हवा, एक सेमीच्या आत.

पण आता हीच घटना एडीसीच्या जागी उभं राहून पाहा. पहिली लहर त्याच्यापाशी येते ती १.५७ व्होल्टची. दुप्पट होणं फक्त टोकाला घडतं, तो टोकाला नाही. लहर त्याला ओलांडून १५ सेमी पुढे जाणार, फ्लॅशवरून उलटून १५ सेमी परत येणार, तेव्हा कुठे त्याची पातळी ३.१४ होणार. या ३० सेमीला जवळजवळ २ नॅनोसेकंद लागतात. तुमची एज मी १ नॅनोसेकंदाची धरली आहे, म्हणजे मध्ये सुमारे १ नॅनोसेकंद सिग्नल १.५७ व्होल्टवर सपाट उभा राहतो. ३.३ व्होल्टच्या इनपुटला याहून वाईट पातळी नाही. ती ना शून्य ना एक, बरोबर उंबरठ्यावर. त्या क्षणी २०-३० मिलिव्होल्टचा नॉइज आला तरी इनपुट एकदा वर, एकदा खाली, पुन्हा वर जाऊ शकतं. एडीसी एका एजऐवजी दोन मोजतो आणि तुमचा आकडा एक बिट सरकतो. रेझिस्टर नव्हता तेव्हा हीच पायरी २.२९ व्होल्टला होती, म्हणून तो निभावून नेत होता. आणि टोकाला ५० ओहम होते तेव्हा त्याला पायरी दिसायचा प्रश्नच नव्हता, कारण टोकावरून काही परतच येत नव्हतं.

थोडक्यात, सिरीज टर्मिनेशन (परावर्तन थांबवायला ड्रायव्हरपाशी घातलेला रेझिस्टर) टोकाला बसलेल्यासाठी असतं. वाटेत बसलेल्याला ते पायरी देतं. टोकाचं समांतर टर्मिनेशन वाटेतल्या सगळ्यांना चांगलं, पण त्याचा करंट सतत सोसावा लागतो. तुम्हाला ‘३३ ओहम लावा’ सांगणारे चुकीचे नव्हते, त्यांना मधला एडीसी माहीत नव्हता.

मग करायचं काय? हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे: पिनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी करता येतो का, बोर्ड पुन्हा काढणार आहात का, आणि क्लॉक खरंच २० मेगाहर्ट्झ हवा आहे का.

मी सगळ्यात आधी एज हळू करून बघेन. २० मेगाहर्ट्झच्या क्लॉकचा अर्धा काळ २५ नॅनोसेकंदांचा असतो. त्याला १ नॅनोसेकंदाची एज कशाला हवी? ४-५ नॅनोसेकंद भरपूर झाले. पुष्कळ मायक्रोकंट्रोलरमध्ये पिनचा आउटपुट स्पीड किंवा ड्राइव्ह स्ट्रेंग्थ बदलायचं रजिस्टर असतं आणि नमुना कोडमध्ये ते सरसकट सर्वात वेगवान ठेवलेलं असतं. ते एक-दोन पायऱ्या खाली आणा. एज ५ नॅनोसेकंदांची झाली की २ नॅनोसेकंदांनी परतणारी लहर पहिली लहर अजून चढत असतानाच येऊन मिळते. एडीसीवरची सपाट पायरी बुजते आणि उरतो तो उताराचा किंचित बदल. इनपुट उंबरठा एकदाच ओलांडतं. बोर्डावर काहीही न सोल्डरता काम होण्याची चांगली शक्यता आहे. एक पथ्य पाळा: ड्राइव्ह कमी केल्यावर आउटपुट इंपीडन्स बहुधा वाढतो, म्हणून ३३ चा रेझिस्टर तसाच ठेवायचा की कमी करायचा हे पुन्हा मोजून ठरवा.

माझं सगळं काम याच एका सवयीवर उभं आहे: क्लॉक किती मेगाहर्ट्झचा हे मी दुसऱ्यांदा विचारतो, एज किती नॅनोसेकंदांची हे पहिल्यांदा. एकेरी प्रवासाचा वेळ एजच्या सहाव्या भागाहून कमी असेल तर ट्रेसला साधी तार समजायला हरकत नाही. १ नॅनोसेकंदाच्या एजला ही मर्यादा २.५ सेमीवर संपते, ५ नॅनोसेकंदांच्या एजला १३ सेमीपर्यंत जाते. म्हणून ‘सगळेच ट्रेस ५० ओहमचे करू का’ याचं माझं उत्तर नाही असं आहे. रिसेट, एलईडी, बटणं, आय-टू-सी, हळू चालणारे कंट्रोल सिग्नल यांच्यासाठी रुंदी मोजत बसू नका. क्लॉक, लेखनाचे स्ट्रोब (‘आता लिही’ सांगणारे पल्स) आणि जिथे चुकीची एक एजसुद्धा परवडत नाही अशा लाइन शोधा आणि त्यांच्यावर वेळ घाला. डेटा लाइनवर रिंगिंग असलं तरी सँपल होईपर्यंत ती शांत झाली की भागतं. क्लॉकला ती सवलत नाही.

ही सवय मला एका जुन्या बोर्डाने लावली. दोन लेयरचा, १.६ मिमी जाडीचा, पल्स मोजणारा बोर्ड होता. अनेक वर्षं निर्धोक चालला. मग एका खेपेला आलेले बोर्ड दुप्पट मोजू लागले, सगळ्याच पल्स नाही, काहीच. सर्किट तेच, लेआउट तोच, बफर चिपचा (सिग्नल पुढे ढकलणाऱ्या चिपचा) नंबरही तोच. मी मोजणीच्या ट्रेसवर नुसतं बोट ठेवलं की आकडा बरोबर यायचा, बोट उचललं की पुन्हा चुकायचा. दोन दिवस मी पुरवठ्यात आणि सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत होतो. शेवटी जुना आणि नवा बफर शेजारी ठेवून स्कोप लावला. जुन्याची एज ४ नॅनोसेकंदांच्या आसपास, नव्याची त्याच्या चौथाईच्या आत. चिप बनवणाऱ्याने प्रक्रिया सुधारली होती. डेटाशीटमध्ये कमाल वेळ लिहिलेला असतो, किमान नसतो, त्यामुळे त्यांनी काही मोडलं नव्हतं. माझ्या बोटाचे काही पिकोफॅरड एज तेवढी हळू करत होते.

त्या बोर्डाचं गणित तुमच्या गणिताशेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. १.६ मिमी उंचीवर ०.२५ मिमी रुंदीचा ट्रेस म्हणजे सुमारे १४० ओहम. तुमचाच २२ ओहमचा ड्रायव्हर त्याला जोडा. पहिली लहर २.८५ व्होल्टची, टोकाला ५.७, आणि ड्रायव्हरवरून उलटून आलेल्या लहरीने पातळी १.५५ वर कोसळते, उंबरठ्याच्या खाली. मग पुन्हा वर. डायोडने काही भाग कापला तरी दुसरी एज मोजली जायला एवढं पुरतं. तुमच्या बोर्डात २.८० वर थांबलेली घसरण इथे १.५५ पर्यंत गेली, कारण ग्राउंड लांब आहे. दोन लेयरच्या त्याच जाडीच्या बोर्डावर ५० ओहम हवे असतील तर ट्रेस जवळजवळ ३ मिमी रुंद करावा लागतो. चार लेयरमध्ये ०.२ मिमीवर ग्राउंड मिळालं की ०.३५ मिमीत काम होतं. तुमची ही निवड उत्तम आहे. फक्त तो ग्राउंड ट्रेसखाली कुठेही चिरलेला नसावा. परतीचा करंट ट्रेसच्या बरोबर खालून येतो. वाटेत फट आली की त्याला वळसा पडतो, त्या ठिकाणी इंडक्टन्स वाढतं, आणि मग कुठलाही रेझिस्टर ते दुरुस्त करत नाही.

बोर्ड पुन्हा काढणार असाल तर माझी पहिली पसंती सरळ आहे: एडीसी उचलून फ्लॅशच्या शेजारी न्या, दोघांत एक-दीड सेमीपेक्षा जास्त अंतर नको. मग दोघेही टोकालाच बसले असं होतं आणि ३३ ओहम दोघांनाही पुरतो. एडीसीची जागा ॲनालॉग भागामुळे ठरलेली असेल, आणि ती बहुधा तशीच असते, तर त्याला मायक्रोकंट्रोलरच्या दुसऱ्या एसपीआय पोर्टवरून स्वतंत्र क्लॉक द्या, किंवा दोन आउटपुटचा क्लॉक बफर घालून प्रत्येक आउटपुटला स्वतःचा सिरीज रेझिस्टर द्या. एकाच पिनमधून दोन फांद्या काढून दोन्हींत ३३-३३ घालण्याचा मोह होईल. तिथे हिशेब बदलतो. दोन्ही फांद्यांचा करंट त्याच २२ ओहममधून जातो, म्हणून प्रत्येक फांदीला ते ४४ वाटतात आणि रेझिस्टर उरतो ६ ओहमचा. तेही दोन्ही फांद्या सारख्या लांबीच्या असतील तरच. तुमच्या ५ आणि २० सेमीला हा उपाय लागू पडत नाही.

टोकाला समांतर टर्मिनेशन करण्याचे इतर प्रकारही तुम्ही वाचले असतील. १०० ओहम वर (पुरवठ्याला) आणि १०० ओहम खाली (ग्राउंडला) लावलेत तर ते ५० ओहमसारखं दिसतं, पण ड्रायव्हर काही करत नसतानाही त्या दोघांतून पुरवठ्याचे १६.५ मिलिअँपिअर वाहतात आणि तुमच्या ड्रायव्हरने पातळी २.८ आणि ०.५ च्या मध्येच राहते. ५० ओहमसोबत सिरीजमध्ये १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर घातला तर डीसी करंट थांबतो. तुमच्या सध्याच्या बोर्डावर एज हळू करणं शक्यच नसेल तर तो मी फ्लॅशच्या टोकाला लावून बघेन, ड्रायव्हरपाशी मग शून्य ओहम. जिथे समांतर टर्मिनेशनच योग्य तिथे ते मानकातच येतं: कॅन आणि आरएस-४८५ च्या केबलला दोन्ही टोकांना १२० ओहम, एलव्हीडीएसच्या जोडीला रिसीव्हरपाशी १०० ओहम, डीडीआर-३ च्या ॲड्रेस लाइनना शेवटी निम्म्या व्होल्टेजला नेणारे रेझिस्टर. तिथले ड्रायव्हर त्यासाठीच बनवलेले असतात.

मोजणीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण निम्म्या वेळा माणसं बोर्डाचं नाही, प्रोबचं रिंगिंग दुरुस्त करत बसतात. प्रोबची १५ सेमीची मगर-क्लिपवाली ग्राउंड वायर म्हणजे शंभर-सव्वाशे नॅनोहेन्री. प्रोबच्या १० पिकोफॅरडसोबत ती दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते. ती काढून टाका आणि प्रोबच्या टोकाला स्प्रिंग लावून चिपच्या जवळच्या ग्राउंडला टेकवा. स्कोप १०० मेगाहर्ट्झचा असेल तर त्याची स्वतःची एज ३.५ नॅनोसेकंदांची आहे. तो तुम्हाला एडीसीवरची १ नॅनोसेकंदाची पायरी दाखवणारच नाही, एक गुळगुळीत चढ दाखवेल आणि तुम्ही सॉफ्टवेअरला दोष द्याल. ५०० मेगाहर्ट्झचा स्कोप मिळवा. आणि फ्लॅशची डेटा आउट लाइन तपासताना लक्षात ठेवा की तिथे ड्रायव्हर फ्लॅश आहे, म्हणून त्या लाइनचा रेझिस्टर फ्लॅशपाशी हवा, मायक्रोकंट्रोलरपाशी नाही.

तर या क्रमाने करा: ३३ ओहम आहे तसा ठेवा. पिनचा स्पीड एक पायरी खाली आणा. स्प्रिंग लावलेला प्रोब फ्लॅशवर नव्हे, एडीसीच्या क्लॉक पिनवर टेकवा आणि १.५ व्होल्टच्या आसपासचा भाग मोठा करून बघा. सपाट जागा गेलेली असेल तर एडीसीला माहीत असलेलं एक स्थिर व्होल्टेज द्या आणि रात्रभर सलग वाचत ठेवा, सरकलेला एकही आकडा सापडतो का ते पाहा. सपाट जागा अजून दिसत असेल तर आणखी एक पायरी खाली या. आणि त्या रजिस्टरमध्ये तेवढी सोयच नसेल तर मायक्रोकंट्रोलरचा प्रकार आणि एडीसीच्या पिनवरचा स्कोपचा फोटो टाका, तिथून पुढचं बघू.